परिशिष्ट दोन

"एकच आकडा द्या, मॅडम," जिल्हाधिकारी निशांत सरनाईक म्हणाले. "आणि मुकादमाच्याही लक्षात राहील असा द्या."

मार्चचा दुसरा आठवडा होता. टेबलावर आमच्या कक्षाचा अठ्ठावन्न पानांचा अहवाल होता आणि त्याच्यावर मी केलेली एका पानाची टिपणी. सरनाईकांनी अहवाल बाजूला सरकवला आणि टिपणी उचलली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आतून बरंच वाटलं. ते एक पान हेच तर माझं कसब होतं.

विद्यापीठात मी हवामान-धोरण कक्ष सुरू केला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. कल्पना साधी होती. संशोधकांना साहेबलोकांची भाषा येत नाही आणि साहेबलोकांना संशोधकांची, तेव्हा मध्ये कोणीतरी दुभाषा पाहिजे. तो दुभाषा मी, डॉ. कुंदा धाबेकर. मूळची मिरजेची, पण वीस वर्षं विदर्भात काढलेली, त्यामुळे ऊन मला कळतं असा माझा समज होता. विभागातले सहकारी पाठीमागे मला 'मंत्रालयवाली' म्हणायचे. म्हणोत बापडे. त्यांचे शोधनिबंध कपाटात होते आणि माझी टिपणी साहेबांच्या हातात होती. सरनाईक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते, पण खुर्चीला सर म्हणावं लागतं, म्हणून मीही म्हणायची.

माझ्या शेजारी रोशनी उईके बसली होती. माझ्याकडे पीएचडी करत होती. त्याआधीचा अख्खा उन्हाळा तिनं पिंपळडोह नावाच्या तालुक्याच्या गावी काढला होता. तिथल्या आंबेटोली वस्तीत टिनाच्या छपरांची तीस घरं निवडून प्रत्येक घरात तिनं एक छोटं तापमापक टांगलं होतं. काडेपेटीएवढं यंत्र. दर अर्ध्या तासाला घरातलं तापमान आपल्या पोटात नोंदवून ठेवायचं.

"कितीला माणूस पडतो?" सरनाईकांनी विचारलं. "बेचाळीस? चव्वेचाळीस?"

"सर, ते नुसत्या दिवसावर ठरत नाही," रोशनी म्हणाली. "रात्र गार झाली तर माणूस सकाळपर्यंत सावरतो, मग पंचेचाळीसही निभावून नेतो. पण टिनाच्या घरात रात्री बत्तिसाच्या खाली उतरतच नाही. अशा सलग तीन रात्री गेल्या की मग त्रेचाळिसालाही पडतो."

"म्हणजे त्रेचाळीस लिहू?"

"त्रेचाळीस आणि रात्रीचे बत्तीस. दोन्ही बघून."

सरनाईकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. जिल्ह्यातल्या मिरची सातऱ्यांसाठी त्याला आदेश काढायचा होता, आणि असा आदेश त्याच्याआधी कोणी काढला नव्हता. सातरा म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथे लाल मिरचीचे ढीग पडतात आणि फेब्रुवारीपासून जून येईपर्यंत शेकडो बाया तोंडाला दुपट्टा बांधून मिरचीचे देठ खुडत बसतात. डोक्यावर हिरवी जाळी असली तर असली. सातरामालकांचं वजन आमदारापर्यंत पोचलेलं होतं.

"मागच्या वर्षी त्रेचाळिसाच्या वर किती दिवस होते?" त्यांनी विचारलं.

"एकतीस," मी म्हणाले.

"आणि पंचेचाळिसाच्या वर?"

"नऊ."

"एकतीस दिवस दुपारी सातरे बंद ठेवा असा आदेश मी काढला, तर शाई वाळायच्या आत स्थगिती येईल. नऊ दिवस मी लढवू शकतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, मॅडम. तुम्ही म्हणाल ते विद्यापीठाच्या नावानं लिहितो."

रोशनी माझ्याकडे पाहत होती. मी फार विचार केला असं आता म्हणणं खोटं ठरेल. मी अशा बैठका खूप पाहिल्या होत्या. सगळं मागणाऱ्याच्या हाती धुपाटणं येतं, हे मला पाठ झालं होतं.

"पंचेचाळीस लिहा, सर," मी म्हणाले.

"आणि रात्र?" रोशनी म्हणाली.

"रात्रीचं सगळं परिशिष्ट दोनमध्ये घेऊ. तक्त्यांसकट."

परतीच्या वाटेवर गाडीत ती म्हणाली, "मॅडम, परिशिष्ट कोण वाचतं?"

"कोणी नाही वाचत. पण ते तिथे असतं. या वर्षी नऊ दिवस पदरात पाडून घेऊ, पुढच्या वर्षी रात्र मागू. घास मोठा घेतला की ठसका लागतो, रोशनी."

"आणि या वर्षीच्या रात्री?"

"तुला पीएचडी करायची आहे की मोर्चा काढायचा आहे?"

मला वाटलं, पोरीला जग कळत नाही, कळेल हळूहळू.

आदेश निघाला. ज्या दिवशी पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त तापमानाचा अंदाज असेल तो दिवस लाल, आणि लाल दिवशी अकरा ते चार सातरे बंद. आमचा कक्ष रोज सकाळी सहा वाजता सातऱ्यावरच्या बायांच्या मोबाइलवर संदेश पाठवणार. सरनाईकांचं म्हणणं होतं, फक्त लाल दिवशी संदेश पाठवा. मी म्हटलं, नाही, रोज पाठवू, लोकांना बघायची सवय लागली पाहिजे. संदेशाचे शब्दही मीच लिहिले. लाल असेल त्या दिवशी 'आज लाल इशारा आहे. सातरे दुपारी बंद.' नसेल त्या दिवशी 'आज लाल इशारा नाही.' साधे, छोटे, कोणालाही कळतील असे. मला त्या शब्दांचा अभिमान वाटला होता.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत सहा लाल दिवस झाले. सहाही दिवस सातरे खरोखर बंद राहिले. मालकांनी कुरकुर केली, पण बंद ठेवले. जिल्ह्यात उन्हानं एकही मृत्यू नाही, अशी बातमी छापून आली. मुंबईहून निरोप आला, सोमवारी सचिवांचं पथक येतंय, हीच योजना आणखी पाच जिल्ह्यांत न्यायचा विचार आहे. कुलगुरूंनी मला बोलावून घेऊन पेढा दिला. ज्यांनी मंत्रालयवाली म्हणून हिणवलं होतं तेच आता, "आमचंही काही पोचवा की वरपर्यंत," म्हणायला लागले. मी हवेत होते, लपवण्यात अर्थ नाही.

एकोणीस मेला दुपारी रोशनीचा फोन आला.

"मॅडम, सगुणाबाई गेली."

"कोण सगुणाबाई?"

"नेवारे. आंबेटोलीतली. चौदा नंबरचं तापमापक होतं बघा तिच्या घरात. सातऱ्यावर बसल्या जागी आडवी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं."

मग मला आठवली. आदल्या उन्हाळ्यात मी एकदाच तिच्या घरी गेले होते. पंचेचाळीस-सेहेचाळिशीची, किडकिडीत, बोलण्यात मात्र कोणाला हार न जाणारी बाई. देवाच्या फळीखाली टांगलेल्या त्या यंत्राकडे बोट दाखवून मला म्हणाली होती, "मॅडम, हे कसं घड्याळ म्हनावं? टाइमच नाई दाखवत."

"ते आतल्या आत लिहून ठेवतं, काकू," रोशनी म्हणाली होती.

"मंग आमच्याच जातीचं हाये बाप्पा. आमीबी आतल्या आतच ठेवतो." आणि स्वतःच हसून तिनं मला काळा चहा दिला होता.

"रोशनी," मी फोनवर म्हणाले, "आज तापमान किती होतं?"

"त्रेचाळीस पूर्णांक आठ." ती म्हणाली, "मी आता तिच्या घरीच जाते आहे. यंत्र यंदाही तिथंच टांगलेलं आहे, ते काढून आणते."

शुक्रवारी जिल्हाधिकारी कार्यालयात मृत्यूची कारणं तपासणाऱ्या समितीची बैठक लागली. समिती म्हणजे तिघं. सरनाईक अध्यक्ष, जिल्हा रुग्णालयाचे डॉ. भोयर, आणि तज्ज्ञ सदस्य म्हणून मी. समोर एक छापील नमुना होता. मृताचं नाव, वय, गाव. पाचवा रकाना असा होता: 'मृत्यूच्या दिवशी तापमान निश्चित मर्यादेइतके किंवा त्याहून अधिक होते काय? होय / नाही.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नाही असल्यास पुढील रकाने भरण्याची आवश्यकता नाही.' आणि त्याच्याही खाली, 'मर्यादा: ४५ अंश, विद्यापीठाच्या शिफारशीनुसार.'

मी तो कागद पहिल्यांदाच पाहत होते. मी आकडा दिला होता तो सातरे कधी बंद करायचे यासाठी. कोणाचं मरण उन्हाचं आणि कोणाचं नाही, हे ठरवण्यासाठी नव्हता दिला. पण कारकुनाला फाइलमध्ये एक आकडा सापडला होता, वर विद्यापीठाचं नाव होतं, त्यानं तो उचलून इथे बसवला. त्याची काय चूक? आकड्याला पाय फुटतात आणि तो आपल्याला न विचारता कुठेही जाऊन बसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्याच धंद्यात होते.

"अंग तापलेलं होतं," डॉ. भोयर म्हणाले. "पण आमच्याकडे पोचेपर्यंत बायकांनी डोक्यावर पाणी ओतलं होतं, त्यामुळे नोंद मिळाली ती अडतीसची. कागदावर हृदयक्रिया बंद पडली असंच दिसतं. तसं प्रत्येकाचीच बंद पडते म्हणा."

मी पिशवीतून रोशनीनं काढून दिलेला तक्ता पुढे ठेवला. सगुणाबाईच्या घरातल्या शेवटच्या तीन रात्री. सर्वांत कमी तापमान तेहतीस, बत्तीस पूर्णांक आठ, तेहतीस पूर्णांक चार. तीन रात्री त्या घरात कोणाला झोप लागली नसणार.

सरनाईकांनी तो नीट पाहिला. मग कारकुनाला म्हणाले, "जरा बाहेर थांबा." तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. मला पटतंय, बाई उन्हानंच गेली. पण हे मान्य केलं, तर योजनेनं सुरक्षित म्हटलेल्या दिवशी मृत्यू झाला असा त्याचा अर्थ होतो. मालक उद्याच्या उद्या म्हणतील, तुमचा इशाराच कुचकामी आहे, मग आम्ही सातरे बंद का ठेवायचे? मिळवलेले नऊ दिवसही जातील. सोमवारी पथक येतंय. शून्य मृत्यू असेल तर पाच जिल्हे. त्यात किती बाया वाचतील, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकता."

"आणि उद्यापासून काय, सर? अंदाज चौदा दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा आहे. एकही दिवस लाल नाही. रात्री अशाच."

"पुढच्या वर्षी रात्र घालू. मी शब्द देतो."

ते माझंच वाक्य होतं. मी रोशनीला गाडीत सुनावलेलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती निर्लज्ज वाटतं, ते मला त्या खुर्चीत कळलं. पण तरीही सांगते, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाच जिल्हे म्हणजे पाच जिल्हे. मी मनात आकडेमोड केली आणि उत्तर त्यांच्याच बाजूनं आलं.

"दहा मिनिटं द्या मला," मी म्हणाले आणि बाहेर आले.

व्हरांड्यातल्या बाकावर एक मुलगी बसली होती. वीस-बावीस वर्षांची, दुपट्टा गळ्यात, बोटांची टोकं मिरचीनं लालसर झालेली. मला बघून उठली.

"मॅडम, मी ममता. सगुणाबाईची पोरगी. तुमी मागच्या साली घरी आल्त्या आमच्या."

"बस, बस." मीही शेजारी बसले.

"मले जबानीले बोलावलं हाये. रोशनीताई म्हनल्या, आत मॅडम हायेत, भेव नोको." ती थोडा वेळ बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू का? थ्या कागदावर घरच्यांचं चुकलं असंबी लिवतात का?"

"घरच्यांचं काय चुकलं?"

"माहं चुकलं ना." ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "तीन रात्री झोप नाई. भिंतीले हात लावला तं भाजे. अंगनात खाट टाकली तं तिथंबी तसंच. एकोनीस तारखेले सकाळी माय उठली तं उभंच राहवेना तिच्यानं. म्हने, ममता, आज नाई जात वो मी. पन मुकादमानं सांगून ठेवलं व्हतं, लाल असंन तं घरी राहा, लाल नसंन अन् आल्या नाई तं पुढच्या हंगामाले बोलावनार नाई. मायले वाचता येत नव्हतं. मले म्हने, बघ वो, आज का आलं मोबाइलवर."

मला पुढचं कळलं होतं, पण मी तिला अडवू शकले नाही.

"म्या वाचून दाखवलं. आज लाल इशारा नाही. तं माय म्हने, नाई म्हन्ते ना? मंग काई होत नसंन. मोठे लोक पाहूनच लिवत असतीन. अन् गेली." ममतानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मॅडम, म्या एक खोटं सांगतलं असतं, आज लाल हाये म्हनून, तं माय घरी राह्यली असती. एवढंसं खोटं. तिले कुठी वाचता येत व्हतं."

या मुलीला काहीतरी सांगणं माझं काम होतं. मी तिला काय म्हणाले असेन? मी विचारलं, "पाणी घेतलंस का?"

"हाव," ती म्हणाली. "घेतलं."

आणि मी उठून आत गेले. आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

आत सरनाईक आणि भोयर चहा घेत होते. माझाही कप ठेवला होता. मी तो बाजूला केला, नमुना पुढे ओढला आणि पाचव्या रकान्यात 'नाही' वर खूण केली, कारण तापमान पंचेचाळीस नव्हतंच. मग 'पुढील रकाने भरण्याची आवश्यकता नाही' या ओळीवर काट मारली आणि तज्ज्ञांच्या अभिप्रायाच्या रकान्यात लिहायला लागले. माझं अक्षर चांगलं आहे. सावकाश लिहिलं. सगुणा नेवारे यांचा मृत्यू उष्णतेने झाला आहे. ४५ अंशांची मर्यादा अपुरी आहे. ती शिफारस विद्यापीठाची नसून माझी व्यक्तिशः आहे. पुरावा आमच्याच अहवालाच्या परिशिष्ट दोनमध्ये, मार्च महिन्यापासून, उपलब्ध आहे. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि सही केली.

सरनाईकांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"ही शेवटची ओळ लिहायलाच हवी का?"

"हवी, सर."

"ती काढा, बाकीचं मी कसंतरी निभावून नेतो. ती राहिली, तर तुमचा कक्ष राहणार नाही. हे कोणीतरी सहा महिन्यांनी बाहेर काढेल आणि तुमच्या नावानं छापेल."

"छापू दे. ते खरं आहे."

डॉ. भोयर खिडकीकडे बघत होते. त्यांनी हळूच हात पुढे केला, कागद घेतला आणि माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली. सरनाईकांनी फोन उचलून पिंपळडोहच्या तहसीलदाराला लावायला सांगितलं.

"उद्यापासून सगळे सातरे अकरा ते चार बंद," ते म्हणाले. "नाही, लाल नाही. तरीही बंद. पाऊस येईपर्यंत. कोणाच्या आदेशानं म्हणजे? माझ्या. लेखी संध्याकाळी पाठवतो."

फोन ठेवून त्यांनी आपली सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. सोमवारी पथक आलं, चहा घेऊन गेलं. पाच जिल्ह्यांचा प्रस्ताव 'पुनर्विचारासाठी' मागे गेला आणि तिकडेच राहिला. सरनाईकांची ऑगस्टमध्ये बदली झाली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पुढच्या मार्चमध्ये कक्ष बंद झाला. तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या काळात नवा आदेश निघाला, त्यात दिवस आणि रात्र दोन्ही आहेत. तो रोशनीनं लिहिला. माझ्याकडे वाचायला पाठवला होता, मी एक शब्द बदलला नाही. त्या तीन वर्षांत त्या पाच जिल्ह्यांत किती जणी अशा गेल्या, ते कोणी मोजलं नाही. मी त्या दिवशी बरोबर केलं का, असं मला अजून कोणी कोणी विचारतात. निवृत्तीच्या समारंभात तर कुलसचिवांनी त्याला 'तत्त्वासाठी केलेला त्याग' म्हटलं. त्यागबिग काही नव्हता. मी बाहेरच्या बाकावर बसून आले होते, एवढंच.

त्या बाकाशी मी कागदावर सही करून परत गेले तेव्हा दीड वाजला होता. व्हरांड्यात उन्हाची झळ येत होती. ममता उभीच होती.

"झालं?"

"झालं. तुझ्या जबानीची गरज पडली नाही. तुझ्या आईचं मरण उन्हानं झालं असं लिहिलं गेलं. उद्यापासून दुपारी सातरे बंद आहेत."

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते खाली येऊ दिलं नाही. "मंग माहं चुकलं असं नाई लिवलं?"

"नाही. तुझं काही चुकलंच नाही, ममता. तू जे आलं होतं तेच वाचलंस. ते वाक्य मी लिहिलं होतं."

"कोनतं?"

"आज लाल इशारा नाही, हे. आणि लाल कधी म्हणायचं तो आकडाही मीच दिला होता."

तिनं पुढे होऊन माझा हात धरला. ज्या मुलीची आई जाऊन तीन दिवस झाले होते, ती माझी समजूत घालायला लागली.

"जाऊ द्या, मॅडम. तुमाले तरी कसं मालूम असंन? तुमी कुठी झोपता टिनात?"

किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. ती समाधानानं घरी गेली असती आणि मीही. आत कागदावर लिहिलेली शेवटची ओळ तिनं कधी वाचली नसती. पण तीच ओळ तोंडानं बोलायची होती, आणि ती लिहिण्यापेक्षा हे फार जड होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "मार्चपासून माहीत होतं. तुमच्याच घरातल्या यंत्रानं सांगितलं होतं."

ममतानं माझा हात लगेच सोडला नाही. तिला समजायला वेळ लागत होता. शेजारून एक शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन गेला, तो जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

"मंग माह्या मायले कावून नाई सांगतलं?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, रागावली नाही. मी उत्तर देईन म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.